नीतिसूत्रे ३१ मधली बाई वावर विकत घेते

महिला रविवार आला की गावोगावच्या मंडळ्यांमध्ये नीतिसूत्रांचा एकतिसावा अध्याय निघतो. पाळक 'सद्गुणी स्त्री' या शब्दांवर थांबतात. ती पहाटे उठते, घरच्यांना जेवू घालते, तिचा दिवा रात्री विझत नाही, यावर अर्धा तास जातो. शेवटी सौंदर्य व्यर्थ आहे असं सांगून आशीर्वाद होतो. सोळावं वचन वाचलं जातं, पण त्यावर कोणी बोलत नाही. त्या वचनात ती बाई एक शेत पाहते, मनात हिशेब करते, ते विकत घेते आणि स्वतःच्या कमाईतून त्यात द्राक्षमळा लावते. नवऱ्याची परवानगी घेतल्याचा उल्लेख नाही. सौदा तिचा, पैसा तिचा, लागवड तिची.

कापसाच्या मुलखात हे वचन गाळून पुढे जाणं जरा जडच जायला हवं. बुलढाण्यापासून चंद्रपूरपर्यंत निंदण बायांचं, वेचणी बायांची, सोयाबीनच्या सवंगणीलाही बायाच जास्त. सातबारा मात्र बापाच्या, नवऱ्याच्या नाहीतर भासऱ्याच्या नावाचा. ख्रिस्ती घरंही याला अपवाद नाहीत.

महिला मंडळ चालवणाऱ्या आणि घरसभेत शास्त्राभ्यास घेणाऱ्या बायांसाठी हे लिहितोय. पाळकांनी वाचलं तरी हरकत नाही.

'आजच्या ऐहिक संस्कृतीपासून आपल्या लेकींना वाचवा' हे वाक्य व्यासपीठावरून इतक्यांदा येतं की ती संस्कृती म्हणजे नेमकं काय, हे कोणी विचारत नाही. गावात तिची दोन तोंडं दिसतात. एक कायद्याचं: ग्रामपंचायतीत बायांना ५० टक्के जागा, बचत गटाचं बँक खातं, २००५ चा घरगुती हिंसाचाराचा कायदा, २०२४ पासून लाडकी बहीण योजनेचे महिन्याला १५०० रुपये थेट बाईच्या खात्यात. दुसरं बाजाराचं: रील, गोरेपणाचं क्रीम, आणि रोज संध्याकाळची मालिका, जिच्यात चांगली सून म्हणजे सोसणारी सून. माझ्या मते आपल्या मंडळ्यांची गफलत इथेच होते. आपण पहिल्या तोंडाकडे संशयानं पाहतो, 'बाया डोक्यावर बसतील' म्हणतो, आणि दुसऱ्याला नकळत घरात घेतो. आपण आदर्श ख्रिस्ती सून म्हणून जिचं वर्णन करतो ती पुष्कळदा शास्त्रातली नसतेच. ती साडेसातच्या मालिकेतली असते, फक्त हातात बायबल दिलेली.

आधी एकतिसावा अध्याय नीट पाहू, कारण सगळ्यात जास्त वापर त्याचाच होतो आणि सगळ्यात जास्त गैरवापरही त्याचाच.

दहाव्या ते एकतिसाव्या वचनापर्यंत २२ वचनं आहेत आणि हिब्रू वर्णमालेत अक्षरंही २२. प्रत्येक वचन क्रमानं पुढच्या अक्षरानं सुरू होतं. म्हणजे हे बायांसाठी कामाचं वेळापत्रक नाही. क पासून ज्ञ पर्यंत रचलेली ती स्तुतीची कविता आहे. अनेक यहुदी घरांत शब्बाथ लागतो त्या शुक्रवारी संध्याकाळी नवरा ती बायकोसाठी म्हणतो. आपल्याकडे उलटं झालं: म्हणायची नवऱ्यानं, ती ऐकून घ्यावी लागते बायकोला. आणखी एक गोष्ट पहिल्याच वचनात आहे. लमुएल राजाच्या नावानं येणारा हा अध्याय त्याला त्याच्या आईनं शिकवला. राजाला राज्य कसं करावं, दारू का टाळावी, मुक्यांची बाजू का घ्यावी, हे एक बाई शिकवते आहे.

'सद्गुणी' म्हणून आपण जे वाचतो तिथे हिब्रूत 'हायिल' हा शब्द आहे. त्याचा अर्थ बळ, पराक्रम, कधी सैन्य, कधी संपत्ती. शास्ते ६:१२ मध्ये देवदूत गिदोनाला वीर म्हणतो तेव्हा तिथेही हाच शब्द येतो. पुरुषाला लावला की वीर, बाईला लावला की सद्गुणी. भाषांतर चूक आहे असं नाही, सद्गुण हाही त्याचा एक पदर आहे. पण 'सद्गुणी' म्हटलं की मराठी कानाला खाली घातलेली मान दिसते, आणि कवितेतली बाई तर कंबर कसते, दंड बळकट करते (वचन १७).

आता यातली कामं. लोकर आणि ताग शोधते (१३). चाती-टकळी हातात धरते (१९). कापड विणून विकते, व्यापाऱ्याला कमरपट्टे पुरवते (२४). गरिबाला हात देते (२०). विदर्भात याचं भाषांतर करायला लागतच नाही: सरकी, सूत, कापड, बाजार हे सगळं आपल्या ओळखीचं आहे. गटातल्या बायांना विचारा, या बाईची कामं आपल्या गावात कोण करतं? कापूस वेचतं कोण, विकायला नेतं कोण, पट्टीवर नाव कोणाचं, पैसे कोणाच्या हातात? हे चार प्रश्न विचारले की पुढची वीस मिनिटं तुम्हाला बोलावं लागत नाही.

इथे एक खड्डा आहे. पंधराव्या वचनात तिच्या दासी आहेत. हे खात्यापित्या घराचं चित्र आहे. दुसऱ्याच्या वावरात किलोच्या दरानं वेचणी करणाऱ्या बाईला ही फूटपट्टी लावली, तर ती सभेतून आणखी वाकून घरी जाते. म्हणून हा अध्याय एकटा कधी शिकवू नये. त्याच्या शेजारी रूथ ३:११ ठेवावं. तिथे बवाज रूथला नेमकं हेच हिब्रू बिरुद देतो. रूथ कोण? परक्या देशातली, विधवा, भूमिहीन, लोकांच्या शेतात सरवा, म्हणजे कापणीनंतर मागे राहिलेलं धान्य, वेचणारी. हिब्रू शास्त्राच्या एका जुन्या क्रमात तर नीतिसूत्रांच्या पाठोपाठ रूथचंच पुस्तक येतं: बिरुदाची कविता संपते आणि पान उलटलं की सरवा वेचणारी बाई उभी. सरवा काय असतो हे शहरातल्या मंडळीला समजावून सांगावं लागतं, आपल्याकडे नाही.

दुसरा शब्द 'साहाय्यक'. उत्पत्ती २:१८ मध्ये देव आदामासाठी 'अनुरूप साहाय्यक' करतो. गावात साहाय्यक म्हणजे हाताखालचा माणूस, कंडक्टरमागचा क्लीनर. 'बाई मदतनीस आहे, मालक नाही' हे वाक्य इथूनच निघतं. त्याला उत्तर द्यायला हिब्रू यायची गरज नाही. स्तोत्र १२१ उघडा. आपल्या मराठीत तिथे विचारलं आहे की मला साहाय्य कोठून येईल, आणि उत्तर आहे परमेश्वरापासून. शब्द तोच. मूळ हिब्रूत हा शब्द 'एझेर' आहे, आणि जुन्या करारात तो २१ वेळा येतो. दोनदा हव्वेसाठी, तीनदा लढाईत मदतीला बोलावलेल्यांसाठी, उरलेल्या १६ वेळा देवासाठी. जो शब्द देवाला लागतो त्याचा अर्थ हाताखालचा असा कसा काढणार? आणि 'अनुरूप' म्हणजे समोरासमोर उभं राहणारं, तोडीस तोड. गटात आधी स्तोत्र वाचावं, नंतर उत्पत्ती. उलट क्रमानं वाचलं तर बाया डोक्यातला जुना अर्थ घेऊनच स्तोत्रापर्यंत येतात आणि तो सुटत नाही.

तिसरा शब्द 'अधीन'. इथे सगळ्यात जास्त तयारी लागते, कारण इथे मार खाणाऱ्या बाया समोर बसलेल्या असतात.

इफिसकरांस ५:२२ वाचायचं तर सुरुवात २१ पासून करायची. एकविसावं वचन सगळ्यांनाच एकमेकांच्या अधीन व्हायला सांगतं. इफिसकरांस पत्राच्या सगळ्यात जुन्या ग्रीक हस्तलिखितात, जे साधारण इ. स. २०० च्या सुमाराचं आहे, आणि चौथ्या शतकातल्या व्हॅटिकन हस्तलिखितात बाविसाव्या वचनात 'अधीन असा' हे क्रियापदच नाही. ते एकविसाव्यातून उसनं घ्यावं लागतं. म्हणजे बाविसावं वचन एकविसाव्याशिवाय वाक्य म्हणूनही पुरं होत नाही. छापलेल्या बायबलात मात्र बरोबर या दोघांच्या मध्ये नवा मथळा टाकलेला असतो, 'पतिपत्नी' किंवा तसा काही. मथळे प्रेषितानं लिहिलेले नाहीत, छापणाऱ्यांनी टाकले आहेत, एवढं एक वाक्य बायांना सांगितलं तरी पुष्कळ काम होतं. पुढची मोजणी त्यांच्याच बोटांवर करून घ्या. बायकांना तीन वचनं. मग पंचविसाव्यापासून अध्याय संपेपर्यंत बहुतेक सगळं नवऱ्यांना, आणि त्यांना दिलेली आज्ञा मंडळीसाठी जीव देणाऱ्या ख्रिस्तासारखं प्रेम करण्याची आहे. त्या काळी घरधन्याला कोणी असं काही सांगत नव्हतं. बायकोनं ऐकावं हे रोमी जगात सगळेच म्हणत होते, त्यासाठी पौलाची गरज नव्हती.

याच्यावर ख्रिस्ती लोकांतच दोन पक्ष आहेत हेही लपवू नये. एक म्हणतो, स्त्री-पुरुष मोलानं समान पण भूमिका वेगळ्या, घरात आणि मंडळीत मस्तकपण पुरुषाचं. अमेरिकेतल्या इव्हँजेलिकल मंडळींचं १९८७ चं डॅनव्हर्स निवेदन या बाजूचं. दुसरा म्हणतो, ख्रिस्तात स्त्री-पुरुष असा भेद अधिकाराच्या बाबतीतही उरत नाही, गलतीकरांस ३:२८ पाहा. मी दुसऱ्या बाजूचा आहे, हे एव्हाना कळलं असेलच. पण पहिल्या बाजूचा प्रामाणिक माणूसही मारहाणीला 'मस्तकपण' म्हणत नाही. ही रेघ दोन्ही पक्षांना मान्य आहे आणि गावच्या मंडळीत ती मोठ्यानं बोलून दाखवावी लागते.

कारण बाई मार खाऊन पाळकांकडे जाते तेव्हा तिला बहुतेकदा 'प्रार्थना कर, सहन कर, तो बदलेल' हे मिळतं. प्रार्थना जरूर करा. त्याच दिवशी आणखी चार गोष्टी करा. सरकारी दवाखान्यात जखमेची नोंद करून घ्या आणि कागदाची प्रत ठेवा. तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्याकडे घरगुती घटनेचा अहवाल भरून घ्या, त्याचा ठरलेला नमुना असतो. १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर आहे, तातडीला ११२. आणि बाई रात्री कुठे झोपणार ते आधी ठरवा. २००५ च्या कायद्याखालचा अर्ज हा नवऱ्याला तुरुंगात टाकण्याचा अर्ज नसतो. त्यात मार थांबवण्याचा, घरात राहू देण्याचा, खर्चाचा आदेश मागता येतो. न्यायालयानं पहिली तारीख साधारण तीन दिवसांत द्यावी आणि ६० दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा असं कायद्यात लिहिलं आहे. प्रत्यक्षात लांबतं, पण अंतरिम आदेश लवकर मिळू शकतो. हे न सांगितल्यामुळे बाया 'घर मोडेल' या भीतीनं अर्जच करत नाहीत.

बायांनी मंडळीत बोलावं की नाही हा प्रश्न मी लवकर संपवतो. करिंथकरांस पहिल्या पत्रात १४:३४ गप्प राहायला सांगतं, पण त्याच पत्रात ११:५ मध्ये बाया सभेत प्रार्थना करतात, संदेश देतात आणि पौल फक्त डोक्यावरच्या पदराबद्दल बोलतो. दोन्ही वचनं एकाच लेखणीची आहेत, तर सरसकट गप्प बसणं हा अर्थ होऊ शकत नाही. रोमकरांस १६:१ मधली फिबी किंख्रियाच्या मंडळीची 'दियाकोनस', म्हणजे सेवक, आहे. मार्थेची बहीण मरीया येशूच्या पायाशी बसते (लूक १०:३९), म्हणजे काय, ते प्रेषितांची कृत्ये २२:३ मध्ये कळतं: पौल गमलियेलाच्या पायाशी बसून शिकला. पायाशी बसणं म्हणजे शिष्य होणं. दक्षिण भारताच्या मंडळीनं (चर्च ऑफ साउथ इंडिया) २०१३ मध्ये नंद्यालला पहिली स्त्री बिशप नेमली. उत्तर भारताच्या मंडळीतही (नागपूरचा धर्मप्रांत तिच्यातच येतो) स्त्रियांना दीक्षा मिळते. कॅथलिक मंडळीत धर्मगुरूपद पुरुषांनाच आहे, १९९४ मध्ये पोप दुसऱ्या जॉन पॉलनी ते पुन्हा सांगितलं. पण २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी वाचक आणि वेदीसेवक ही अधिकृत पदं बायांना खुली केली. तुमच्या पॅरिशमध्ये रविवारचं वाचन अजून फक्त पुरुषच करत असतील तर ती रोमची अट नाही, सवय आहे.

पंडिता रमाबाईंचं नाव इथे घ्यायलाच हवं. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर त्या चेल्टनहॅमच्या कॉलेजात होत्या, आणि तरुण पुरुषांना त्यांनी शिकवावं का, यावर बिशपांनी हरकत घेतली होती. रमाबाईंनी ती निमूट ऐकून घेतली नाही. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल सोप्या मराठीत आणलं. ते १९२४ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी पुरं छापून आलं, आणि छापखान्यात खिळे जुळवणाऱ्याही मुक्तीतल्या बायाच होत्या. शास्त्राचा अर्थ लावणं हे पुरुषाचं काम, असं मराठी ख्रिस्ती माणसानं तरी म्हणू नये.

बाजाराच्या संस्कृतीकडे वळू. तिला उत्तर देताना आपण लगेच कपड्यांवर घसरतो. पेत्राचं पहिलं पत्र ३:३ काढायचं आणि जीन्सवर बोलायचं. मुली तिथेच उठून जातात, आणि बरोबर करतात. त्या वचनाचा रोख वेणीतल्या सोन्यावर आहे, म्हणजे श्रीमंती मिरवण्यावर. आपल्याकडे लग्नात 'पोरीच्या अंगावर किती तोळे घालणार' हे विचारणाऱ्यांवर तो आधी लागू होतो. रीलवाली संस्कृती बाईची किंमत तिच्या कातडीवर, कमाईवर आणि 'मी माझी मालकीण' या घोषणेवर ठरवते. गाव ती तिच्या कुशीवर ठरवतं. ख्रिस्ती शिकवण दोघांनाही नाही म्हणते, आणि त्यासाठी लूक ११:२७-२८ हा उतारा सोन्यासारखा आहे. गर्दीतून एक बाई ओरडते, तुला वाहणारं उदर धन्य. येशू म्हणतो, त्यापेक्षा देवाचं वचन ऐकून पाळणारे धन्य. स्वतःच्या आईबद्दल बोलताना तो हे म्हणतो. म्हणजे मूल नसलेली बाई, लग्न न झालेली बाई, टाकलेली बाई यांचं स्त्रीपण उणं नाही. मे महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी काही मंडळ्यांत फक्त आयांना गुलाब देतात. चाळीस बायांत चार जणी हात मांडीवर ठेवून बसून राहतात. गुलाब द्यायचे तर सगळ्यांना द्या, नाहीतर देऊ नका.

लूक १३ मधली अठरा वर्षं वाकलेली बाईही या गटांत जरूर वाचावी. पाठीचं दुखणं इथे प्रत्येकीला आहे. येशू तिला 'अब्राहामाची कन्या' म्हणतो, म्हणजे वारस म्हणून तिचं नाव घेतो.

आणि वारस म्हटलं की सातबारा आलाच.

गणना २७ मध्ये सलाफहादाच्या पाच मुली, महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा, मोशेसमोर, याजकासमोर आणि सरदारांसमोर उभ्या राहतात. बाप मेला, भाऊ नाही, तर बापाचं नाव का बुडावं, आम्हाला जमीन द्या, असं म्हणतात. मोशे प्रकरण देवापुढे नेतो आणि देव म्हणतो, मुलींचं म्हणणं बरोबर आहे. जमिनीच्या वादात बायांच्या बाजूनं दिलेला निकाल इतक्या स्पष्ट शब्दांत शास्त्रात छापलेला असताना, बाप गेल्यावर तेराव्याच्या आत बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सही घेणारे ख्रिस्ती भाऊ आपल्याकडे आहेतच. (तेरावं आपण करत नाही म्हणतो. सही मात्र वेळेवर होते.)

कायदा काय म्हणतो? ख्रिस्ती माणूस मृत्युपत्र न करता गेला तर १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागतो. मागे बायको आणि मुलं असतील तर बायकोला एक तृतीयांश, उरलेले दोन तृतीयांश सगळ्या मुलामुलींना सारखे. लग्न झालेली मुलगीही त्यात तितकीच. मुलं नसतील पण दुसरे नातेवाईक असतील तर बायकोला अर्धं. कोणीच नसेल तर सगळं तिचं. हिशेब करून दाखवा: ३ हेक्टर वावर, मागे बायको, एक मुलगा, तीन मुली. बायकोला १ हेक्टर, प्रत्येक लेकराला ५० आर. फळ्यावर हे लिहिलं की सभेत शांतता होते. मृत्युपत्र असेल तर त्यात लिहिल्याप्रमाणे. त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात.

एक गुंता आपल्या भागात नेहमी येतो. पुष्कळ घरं उपासनेला मंडळीत जातात पण दाखल्यावर धर्म हिंदू आहे. याला १९५० चा अनुसूचित जातींचा आदेश कारण आहे, ख्रिस्ती झाल्यावर त्याखालच्या सवलती जातात. कागद हिंदू असला तर वारस हिंदू कायद्यानं ठरवले जातात, तिथे बायकोला मुलांइतकाच एक वाटा. मुलींचा हक्क दोन्हीकडे आहे. कोरकू, गोंड अशा जमातींत रूढीचा प्रश्न येतो, तिथे आधी वकिलाला विचारा.

नोंद कशी करायची? मृत्यूपासून तीन महिन्यांत तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज द्यायचा, ई-हक्क या सरकारी ऑनलाइन सोयीवरूनही देता येतो. सोबत मृत्यूचा दाखला, सातबारा, आठ-अ, सगळ्या वारसांची नावं-वय-पत्ता-नातं लिहिलेलं प्रतिज्ञापत्र आणि आधार. तलाठी नोंद धरतो, हरकतीसाठी १५ दिवसांची नोटीस निघते, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. चूक दोन ठिकाणी होते. एक, प्रतिज्ञापत्रात भाऊ बहिणींची नावंच लिहीत नाही. म्हणून प्रतिज्ञापत्र आईनं करावं किंवा वाचून घ्यावं. दुसरी चूक जास्त बेमालूम असते: आई आणि बहिणींची नावं येतात, पण भोगवटादाराच्या, म्हणजे जमीन धारण करणाऱ्याच्या, रकान्यात येत नाहीत, 'इतर हक्कात' टाकलेली असतात. बाई सातबाऱ्यावर नाव पाहून खूश होते आणि कर्ज, पीकविमा, विक्री सगळं मुलाच्या सहीनं चालू राहतं. नाव कोणत्या रकान्यात आहे ते बोट ठेवून पाहायला शिकवा.

नवरा जिवंत असताना बायकोचं नाव सहधारक म्हणून लावायला लक्ष्मीमुक्ती योजना आहे. तिचं मूळ शरद जोशींच्या शेतकरी संघटनेच्या चळवळीत. ती चळवळ कोणत्याही धर्माच्या व्यासपीठावरून निघाली नव्हती, आणि गणना २७ आमच्या हातात असताना आम्ही तेव्हा काय करत होतो, हा प्रश्न मला तरी टोचतो. घटस्फोटाच्या बाबतीतही तेच. १८६९ च्या ख्रिस्ती घटस्फोटाच्या कायद्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार पुरे होता, बायकोला त्याच्या जोडीला क्रूरता किंवा टाकून देणंही सिद्ध करावं लागे. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं ही विषमता घटनाबाह्य ठरवली आणि २००१ मध्ये संसदेनं कायदा बदलला. तोवर १३२ वर्षं गेली होती.

अभ्यास घ्यायचा कसा, तेही सांगतो. चार संध्याकाळी, आठवड्याला एक. नोव्हेंबर ते जानेवारी वेचणी असते, जून-जुलैत पेरणी आणि निंदण, त्या वेळी धरू नका. फेब्रुवारीचा शेवट आणि मार्च बरा. वेळ रात्री आठ ते सव्वानऊ, भांडी झाल्यावर. दहा ते चौदा बाया. पंधराच्या वर गेलं की मागच्या ओळीतल्या बोलत नाहीत. वाचणाऱ्या तीन पुरेत, उतारा तिघींनी एकेकदा वाचायचा, कारण निम्म्या बाया ऐकूनच शिकतात. बायबलं एकाच आवृत्तीची ठेवा. एखादीच्या मोबाइलवर वेगळं भाषांतर असेल तर दोन्ही शब्द मोठ्यानं वाचून घ्या, त्यातून चांगली चर्चा निघते. 'तुम्हाला काय वाटतं?' असं विचारू नका, सगळ्या पाळकीणबाईंकडे पाहतात. 'ही बाई या वचनात काय करते?' असं विचारा. पहिल्या संध्याकाळी उत्पत्ती आणि स्तोत्र १२१, दुसऱ्या संध्याकाळी नीतिसूत्रे ३१ आणि रूथ, तिसऱ्या संध्याकाळी इफिसकरांस, चौथ्या संध्याकाळी गणना २७ आणि कागद. तिसऱ्या संध्याकाळी सासू आणि सून वेगवेगळ्या घरी बसवा. एकाच दरीवर बसल्या तर 'अधीन' या शब्दावर सून एक अक्षर बोलणार नाही आणि सासू बोलेल ते नवऱ्यांबद्दल नसेल.

चौथ्या सभेला प्रत्येकीनं सातबारा, आधार आणि लग्नाचा दाखला आणायचा. तिसराच नेमका नसतो. १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याखाली लग्न लावायला परवाना किंवा अधिकार लागतो, आणि नोंदवहीत वधू-वर, साक्षीदार यांच्या सह्या लागतात. परवाना नसलेल्या प्रचारकानं मांडवात प्रार्थना करून लावलेलं लग्न फोटोत दिसतं, कागदावर नाही. नवरा गेला की वारस नोंद, विधवेचं अनुदान, सगळीकडे बाई अडते. मुलीचं लग्न ठरवताना पाळकांना परवाना विचारा, यात लाजायचं काही नाही, आणि दाखल्याची प्रमाणित प्रत लग्नाच्याच आठवड्यात मुलीच्या हातात द्या, सासरच्या कपाटात नाही.

दाखला असला तरी नाव तपासा. शाळेच्या दाखल्यावर आणि आधारवर रुक्मिणी, बाप्तिस्म्याच्या आणि लग्नाच्या वहीत रिबेका, असं आपल्याकडे सर्रास असतं. तलाठ्याच्या लेखी या दोन बाया. नवीन लग्नात वहीत 'रुक्मिणी ऊर्फ रिबेका' असं पूर्ण लिहून घ्या, दोन्हीकडचं आडनाव आणि बापाचं नाव सकट. जुनं लग्न असेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र करा, त्याला पाळकांचं वहीवरून दिलेलं पत्र जोडा, आणि शक्य असेल तर नाव राजपत्रात छापून घ्या. हे काम नवरा हयात असतानाच उरकावं, तेव्हा त्याचीही सही मिळते.